तिसरीची खीळ

ओहोटी लागली तशी आम्ही तिला कुशीवर घेतली,
खाली दोन टायर, एक जुनं गोणपाट.
बारा फूट. फायबरची. नाव 'तिसरी'.
पहिल्या दोन कुठे, असं पाहुणे विचारतात.
चिखलीत कुणी विचारत नाही;
इथे गुडघाभर गाळात वाकलेल्या बायका
सकाळपासून तिसऱ्याच तर वेचताहेत.

चाळीस वर्षं मी बार्जी दुरुस्त केल्या.
हजार टनांच्या पोटाखाली उताणा झोपून
वेल्डिंगच्या ठिणग्या झेलल्या शर्टावर.
आणि या खेळण्याच्या पोटातल्या
बोटभर खिळीने मला तीन दिवस बसवून ठेवलं.

तिच्या मध्यावर एक उभी फट आहे, फटीत फळी.
दोरी सोडली की पाण्यात उतरते,
किनारा आला की वर ओढायची.
वारा होडीला आडवी ढकलू बघतो,
फळी म्हणते, नाही.
एवढंच तिचं काम,
आणि ते सगळं एका खिळीवर टांगलेलं.

जासिंतोच्या हयातीत ती वाजायची.
दर लाटेला टक्. टक्.
मी म्हणायचो, अरे, भोक मोठं झालंय, बघ एकदा.
तो शिडावरची नजर न काढता म्हणायचा,
"आवाज येता न्हय? म्हणजे फळी आसा."

आता तो नाही. आवाज आहे.
आणि स्विंडनहून त्याच्या लेकीचा फोन:
"काका, विकूं नाका. उदकांत घालात."

नट पितळेचा, हिरवा. बोल्ट लोखंडाचा, तांबडा.
खाऱ्या पाण्यात दोन धातूंचा संसार;
एकाने दुसऱ्याला गुपचूप खाल्लेलं.
तेल सोडलं, रात्रभर ठेवलं.
पाना फिरला, बोल्टचं डोकं गोल झालं,
बोल्ट काही फिरला नाही.
शेवटी हॅकसॉचं नुसतं पातं, टोकाला चिंधी गुंडाळून,
फटीत घालून करकर, करकर,
तासभर. बोटांची सालं निघाली.
हातात आला तेव्हा मधोमध झिजून
चघळलेल्या दातवणासारखा.
भोक चिकूच्या बीसारखं लांबट.
इपॉक्सीने बुजवलं, घासलं, पुन्हा गोल पाडलं.

वास्कोला लोटलीकराच्या दुकानात
तीनशे सोळा नंबरचं स्टेनलेस मागितलं.
पोऱ्याने चकचकीत काहीतरी पुढे केलं.
मी खिशातलं लोहचुंबक लावलं. चिकटलं.
"दर्यासाठी हवाय रे, पंख्यासाठी नव्हे."
तो आत गेला, बऱ्याच वेळाने आला.

जुनं सामान डब्यात टाकताना दिसलं:
बोल्टचे वॉशर रबराचे, निळे,
चपलेतून कापलेले.
एकावर अर्धं फूल उठलेलं, लहान मापाच्या चपलेचं.
म्हणजे आता स्विंडनमध्ये जी रात्रपाळी करते
तिच्या टाचेखालचं.
जासिंतो कधी बोलला नाही.
वॉशरबद्दल कोण काय बोलणार.

नवे वॉशर दोन्ही बाजूंना घातले. नट आवळला.
हलवून पाहिली:
एक मिलिमीटरची फट राहतेच आहे.
परत वास्को म्हणजे दोन बसगाड्या,
आणि भरती टायरांना टेकलेली.
मी तो निळा धुतला, बसवला.
भावनेने नाही. मापाने.

पाणी चढलं, तिसरी आपणहून सरळ झाली.
दोरी सोडली. खट्ट, एकदाच.
मग काही नाही.
झुआरीच्या मध्यापर्यंत गेलो,
वारा समोरून तिरका, होडी एका रेषेत.
बोल्टच्या जागी बोट फिरवलं, ओल नाही.
इतकं शांत होतं
की दोनदा मी दोरी जराशी ओढून पाहिली,
फळी आहे ना.